आधी अन्न, मग निग्रह

आपल्याकडे खाण्यापिण्याची कोणतीही चर्चा फिरून माणसाच्या स्वभावावर येते. वजन वाढलेल्याचा जिभेवर ताबा नाही आणि दोन महिन्यांत कपडे सैल करून दाखवणारा निग्रही, हा निवाडा लग्नाच्या पंगतीतही होतो आणि जिममध्येही. मनाने ठरवायचे आणि शरीराने ऐकायचे, अशी त्यामागची समजूत. पण पोट दीर्घकाळ अर्धे ठेवले तर ठरवणारे मनच ताळ्यावर राहत नाही. हे ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेत लख्ख दिसून आले, तरी आपण तरुण मुलांच्या खाण्याकडे अजून जुन्याच चष्म्यातून पाहतो.

नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. महायुद्धात उपासमार सोसलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हे त्याला शोधायचे होते. सदसद्विवेकाला स्मरून बंदूक हाती घ्यायला नकार देणारे हे तरुण स्वेच्छेने आले होते आणि शरीराने व मनाने धडधाकट म्हणून निवडले गेले होते. देशभर युद्धज्वर असताना लढायला नाही म्हणणाऱ्यांच्या निश्चयाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. पहिले १२ आठवडे त्यांना पोटभर, सुमारे ३,२०० कॅलरींचे जेवण मिळाले. पुढचे २४ आठवडे ते जवळपास निम्म्यावर, सुमारे १,५७० कॅलरींवर आणले गेले. आठवड्याला २२ मैलांची चाल मात्र चुकली नाही. वजन सरासरी एक चतुर्थांशाने घटले.

शरीर खंगणार हे कीजने धरलेच होते. मनाचे जे झाले ते जास्त बोलके आहे. हसतेखेळते तरुण चिडचिडे झाले, उदास झाले, एकमेकांना टाळू लागले. युद्ध, राजकारण, मुली, कशातच रस उरला नाही. बोलणे आणि स्वप्ने जेवणाभोवती फिरू लागली. कुणी स्वयंपाकाची पुस्तके वाचत बसे, कुणी ताटातले चार घास तासभर पुरवी, ताटे चाटूनपुसून लख्ख केली जात. काहींनी चोरून खाल्ले आणि मग स्वतःला दूषणे दिली. शेवटी कुणी एकट्याने बाहेर पडायचे नाही, असा नियम करावा लागला. अन्न वाढवल्यावरही गाडी लगेच रुळावर आली नाही. पोट तुडुंब भरले तरी भूक संपत नसे. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हे सारे दोन खंडांत प्रसिद्ध केले.

यातली जवळजवळ प्रत्येक खूण आज डाएट करणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरात सापडेल. ती घरातल्यांसाठी केक करते, स्वतः चाखत नाही. पोळीचे बारीक तुकडे करून ताटात फिरवत राहते. मैत्रिणींबरोबर बाहेर जाणे टाळते, कारण बाहेर खावे लागते. रात्री डबे उघडून खाते आणि सकाळी स्वतःला शिक्षा म्हणून जेवण बुडवते. घरचे आधी ‘किती शिस्तीची’ म्हणून कौतुक करतात, मग ‘नाटकं करते’ म्हणून ओरडतात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून आपण ज्या माणसाला हसतो, त्याच्यात ढोंगापेक्षा शरीराच्या हिशेबाचा भाग मोठा असू शकतो. मुलग्यांचे तर लक्षातही येत नाही. पोटावर ‘पॅक’ दिसावेत म्हणून चाललेली उपासमार व्यायामाच्या नावाखाली खपून जाते.

मिनेसोटाने सगळे उलगडले असे नाही. मुलगी कमी खायला सुरुवात का करते, याची उत्तरे घरात, आरशात, मोबाइलवर, कधी आनुवंशिकतेतही असतात. त्या प्रयोगात सारे पुरुषच होते. पण एकदा उपासमार सुरू झाली की स्वभावदोष वाटणारे बरेच काही भुकेचे काम असते, एवढे त्याने दाखवून दिले.

यावर रास्त आक्षेप असा, की मधुमेहाने घेरलेल्या देशात संयमाला नावे ठेवणे परवडेल का? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. वजन आणि मधुमेह आटोक्यात ठेवण्यासाठी डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसात दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवा म्हणतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे, वरचेवर खा म्हणतात. त्यावर महाराष्ट्राने तावातावाने वाद घातला, तो या भीतीपोटीच. पण पंचेचाळिशीतल्या मधुमेह्याने डॉक्टरांच्या देखरेखीत ताट आखणे वेगळे आणि सोळाव्या वर्षी, हाडे-मेंदू घडत असताना, ॲपवर बाराशे कॅलरींचा आकडा लावून बसणे वेगळे. घरात मात्र एकच तक्ता फ्रिजवर लागतो आणि बापाचे पथ्य लेकीचे ध्येय होऊन बसते.

शिवाय काट्यावरचा आकडा आरोग्याचा भरवशाचा साक्षीदार नाही. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१ टक्क्यांवर आणि युडकिनांची ९ टक्क्यांच्या आसपास. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेली ही जोडी सांगते, की सडपातळ दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. मग त्या दिसण्यासाठी मनाची किंमत कशाला मोजायची?

आधी अन्न, मग मन. किशोरवयीन ॲनोरेक्सियावर, म्हणजे वजनाच्या धास्तीने खाणे तोडण्याच्या आजारावर, लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आकाराला आलेली कुटुंबकेंद्री उपचारपद्धती हाच क्रम पाळते. आईवडील दोषी कोण हे शोधत बसत नाहीत. मुलीला पुन्हा जेवते करण्याची जबाबदारी आधी घेतात. तिच्या मनातल्या गाठींची बोलणी वजन सावरू लागल्यावर.

हा क्रम घराघरात यायला हवा. मुलांना ‘वजन किती झालं’ विचारण्याऐवजी दिवसातला किती वेळ डोक्यात खाण्याचाच विचार असतो, हे विचारावे. उत्तर ‘जवळजवळ सगळा’ असे आले, तर वजन कमी असो, बेताचे असो की जास्त, डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही गाठावे. पहिला फोन १४४१६ या सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांकावरही करता येतो. निग्रह हा गुण खराच, पण तो पोसलेल्या शरीरातच टिकतो. उपाशी मुलाकडून त्याची अपेक्षा करणे हे संस्कार नव्हेत, आपले अज्ञान आहे.