सोनें आणि सोनेपण

सोनें पिवळें, हें आम्ही गृहीत धरून चालतों. परंतु १८५७ सालीं मायकेल फॅरडे ह्यांनीं लंडनमध्यें सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेविले, तों पाणी माणकासारखें लाल झालें. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. सुमारें २० नॅनोमीटरच्या सुवर्णकणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलतात व हिरवा रंग शोषून घेतात. द्रव्य तेंच, केवळ परिमाण बदललें! मग पिवळेपणा हा सोन्याचा धर्म कसा? गुण हा गुणाचा आश्रय नव्हे, असें वैशेषिक म्हणत. येथें तर रंग परिमाणाच्या मुठींत! ह्या विचारासरशी आम्हांस आठवतो तो शंभरांच्या वर्गांत मुका राहणारा एक विद्यार्थी. दोघातिघांत बसला कीं तो आमची भंबेरी उडवी. "मुळांतच मंद" हा आमचा शेरा कॉलेजच्या दप्तरांत अजून आहे.