दाराच्या आतला जंग

वाचनपाठ : मत्तय 6:19-21, नीतिसूत्रे 28:13



आमच्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात ऐहिक संपत्तीचे तीन शत्रू सांगितले आहेत : कसर, जंग आणि चोर. कसर कोठे लागते हे घोंगडीची घडी उघडणाऱ्या प्रत्येक घरधनिणीस ठाऊक आहे. चोराची ओळख करून द्यावयास नको. जंग मात्र गुपचूप येतो. कोपऱ्यात ठेवलेला नांगराचा फाळ पावसाळ्यात तांबूस होतो तेव्हाच आपणांस त्याची आठवण होते. आज आम्ही फाळाच्या जंगाविषयी नव्हे, तर एका मोटारीच्या दारास लागलेल्या जंगाविषयी लिहीत आहोत.

जळगाव जिल्ह्यातील केळीच्या मळ्यांच्या मुलुखात राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका बंधूने मुंबईहून एक वापरलेली, पण मोठ्या नावाची विलायती मोटार आणली. नवी घेणे त्याच्या ऐपतीबाहेर होते. जुनी म्हणून थोडक्यात मिळाली. आत चामड्याच्या गाद्या, बाहेर आरशासारखा रंग. मुंबई-आग्रा रस्त्याने ती धुळ्यास आली तेव्हा चहाच्या टपरीवरील माणसे उठून पाहू लागली. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेस मोहरीएवढे फोड दिसले. त्याने नखाने एक फोड दाबला, तो रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून तांबडी भुकटी गळाली.

धुळ्याच्या एका मिस्त्रीने दाराचे आतले आवरण काढून दाखविले. दाराच्या तळाशी पत्र्याची जी दुमड असते, तीत ओला चिखल साचला होता.

हे कसे झाले ते समजून घेतले पाहिजे. काचेच्या कडेच्या रबरातून पावसाचे थोडे पाणी दारात उतरतेच, आणि ते निघून जावे म्हणून तळाशी लहान भोके ठेवलेली असतात. आमच्या खानदेशातील काळ्या मातीची धूळ व पालापाचोळा यांनी ती भोके बुजली की पाणी आतच राहते. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तीन एकत्र आली की जंग धरतो. त्यांत मीठ मिसळले तर तो फार वेगाने वाढतो. मोटार समुद्रकाठची होती; खारी हवा तिने वर्षानुवर्षे सोसली होती. जंग मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंग आतून उचलला जातो. फोड दिसला तेव्हा जंग सुरू झाला असे नव्हे. तेव्हा तो बाहेर पोहोचला एवढेच.

पुष्कळजण म्हणतात, आमचा मुलूख कोरडा, उन्हाळा कडक, येथे जंग कसला? पण जंग मुंबईहून आतच आला होता. वस्तू कोठून आली हे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो मोटारी पाण्यात बुडाल्या. बुडालेली मोटार धुऊन पुसून चकचकीत करता येते. पण दुमडीत शिरलेले पाणी विक्रेत्याच्या गोड बोलण्याने वाळत नाही.

आता खरी परीक्षा आली. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, दोन वाटा आहेत. लांबी भरून वरून रंग मारतो. काही महिने कोणास कळायचे नाही, तेवढ्यात विकून टाका. नाहीतर सगळे उघडून खरवडावे लागेल. खर्च पुष्कळ येईल.” गिऱ्हाईकही तयार होते : धुळ्याचे एक शाळामास्तर, जन्मभराच्या शिलकीतून मोटार घेऊ पाहणारे. त्या बंधूने आम्हांस विचारले, “मलाही कोणी सांगितले नव्हते. मग मीच का सांगावे?”

वाचकहो, आम्ही तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. आमच्याही अंतःकरणाच्या दारावर किती ठिकाणी लांबी भरून रंग दिला आहे, हे त्या क्षणी आम्हांस दिसले. अखेरीस आम्ही एवढेच म्हणालो, “तुम्हांस जी फसवणूक लागली ती तुमच्यापाशी थांबेल की पुढे जाईल, हे आता तुमच्या हाती आहे.”

त्याने मास्तरांस घरी बोलावून उघडे दार दाखविले. मास्तरांनी मोटार घेतली नाही. दुरुस्तीचा खर्च त्यानेच सोसला. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. बाकीचा जंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला. वर जस्तयुक्त अस्तर व मग रंग दिला. दुमडीत मेण फवारले. भोके मोकळी केली. पैशाचा तोटाच झाला, हे आम्ही लपवीत नाही. पण पुढे मास्तर दुसरी मोटार पाहावयास निघाले तेव्हा त्याच बंधूस बरोबर घेऊन गेले.

ह्यातून आपण तीन गोष्टी घ्याव्या.

पहिली : पापाचा आरंभ बाहेर दिसत नाही. आखानाने लुटीतील वस्तू आपल्या डेऱ्यात जमिनीखाली पुरल्या. वरून जमीन सपाट होती, पण सर्व इस्राएलास पराजय भोगावा लागला. मंडळीच्या वर्गणीचा न दिलेला हिशेब, भावाभावांतील बांधाचा जुना तंटा, बाप्तिस्म्यानंतरही मनात जपलेला जातीचा ताठा, हीच ती दुमडीतील ओली माती होय.

दुसरी : पाणी निघून जाण्याची वाट मोकळी ठेवा. दुःख व मोह कोणाच्याही अंतःकरणात शिरतातच. रोजची पश्चात्तापाची प्रार्थना आणि ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे दिलेली कबुली ही ती लहान भोके होत. नीतिसूत्रकाराने हेच शिकविले की, दोष झाकणाऱ्याचे बरे होत नाही. कबूल करून सोडणाऱ्यावर दया होते.

तिसरी : खरवडल्यावाचून रंग देऊ नका, पण नुसते खरवडूनही भागत नाही. तुमच्या घरची जस्ताची बादली पाहा. तिला ओरखडा पडला तरी तेथील लोखंड लगेच गंजत नाही, कारण जवळचे जस्त त्याच्याऐवजी स्वतः झिजते. हा दृष्टांत अपुरा आहे, कारण जस्त एक दिवस संपते. ज्याने आमच्यासाठी स्वतःस दिले त्याची कृपा संपत नाही. तरी दुसऱ्यासाठी झिजणे म्हणजे काय, हे उपदेशक बंधूंनी बादली हाती घेऊन मंडळीस दाखवावे.

आणि ज्यांस वापरलेली मोटार घ्यावयाची आहे त्यांनी गादीपूर्वी दाराची खालची कड पाहावी. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक लोखंडी पत्र्यास लावावे. जाड लांबी भरली असेल तेथे ते नीट धरत नाही. मोटार धुतल्यावर दाराच्या तळातून पाणी ठिबकते की नाही ते पाहावे. न ठिबकल्यास बारीक काडीने भोके साफ करावी.

हे प्रभो, आमच्या अंतःकरणाचे आतले आवरण तू काढ, आणि जे दिसेल ते झाकण्याची बुद्धी आम्हांस देऊ नको. आमेन.