कोरा कागद



आजच्या वाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४० वा श्लोक आला. या मार्गावर केलेलं काहीच फुकट जात नाही, थोडंसं केलं तरी ते मोठ्या भयातून सोडवतं, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. खरं सांगू? वाचून चिडचिडच झाली. फेब्रुवारीत आई गेली. तेव्हापासून रोज एक माळ करतोय आणि आत काही म्हणजे काही होत नाहीये. मी तर एक शीटच बनवलीय. तारीख, जप, अनुभव. अनुभवाच्या रकान्यात सगळी शून्यं.

मग अकोटच्या काकांची डार्करूम आठवली. सुट्टीत आधी नरसिंग महाराजांचं दर्शन (शेगावचे गजानन महाराज ज्यांना भेटायला अकोटला आले, तेच हे) आणि तिथून थेट काकांचा स्टुडिओ, हा आमचा नेम. लाल दिव्यात काका एन्लार्जरखाली ब्रोमाइड पेपर ठेवून काही सेकंद उजेड द्यायचे. कागद पांढराच्या पांढरा! मला वाटायचं, काकांचं काहीतरी चुकलं.

चुकलेलं नसायचं. त्या कागदावर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. उजेड लागला की कोट्यवधी अणूंच्या स्फटिकात चांदीचे जेमतेम चार-दोन अणू एकत्र येतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण चित्र तिथे असतं. शास्त्रात त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात. पुढे डेव्हलपरमध्ये तेवढ्याशा अणूंच्या जोरावर अख्ख्या स्फटिकाची चांदी होते आणि ट्रेमध्ये हळूहळू चेहरा वर येतो. उजेड न लागलेले स्फटिक मात्र तसेच राहतात. ते हायपोत विरघळवून काढावे लागतात.

एकदा आईचा फोटो ट्रेमध्ये होता. नाक-डोळे दिसायला लागले आणि तिला दाखवायच्या घाईत मी दार उघडलं.

"थांब ना बाप्पा, कागद काया पळते!" काका ओरडले. तोवर आईचा चेहरा काळ्यात बुडाला होता. मी रडायला लागलो. काकांनी दार लावलं, म्हणाले, "निगेटिव्ह हाये ना," आणि दुसरा कागद काढला.

तो दुसरा फोटो आज माझ्या देवघराशेजारी आहे.

सकाळी माळ झाली. शीट उघडली नाही.