न दिसणारे मीठ

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला पाण्यात विरघळलेले मीठ चाखायला लावतो. दिसत नाही म्हणून ते नाही असे नव्हे, हे त्याला पटवायचे असते. युरोपचा २००९चा ‘स्मॉस’ उपग्रह समुद्र चाखत नाही, आणि २०११ मध्ये अमेरिका-अर्जेंटिनाने मिळून सोडलेला, २०१५ मध्ये बंद पडलेला ‘अ‍ॅक्वेरियस’ही चाखत नव्हता; असा उपग्रह पृष्ठभागातून येणाऱ्या क्षीण सूक्ष्मलहरी मोजून, तापमान आणि वाऱ्याचा परिणाम वजा करून क्षारतेचे अनुमान काढतो. याला ज्ञान म्हणावे का? चार्वाकांचा आक्षेप इथे खरोखर लागू पडतो: अनुमानामागची व्याप्तीच, म्हणजे खूण आणि वस्तू यांचा गृहीत धरलेला नियत संबंधच, चुकली तर? मला वाटते, उत्तर सहकार्यात आहे. भारतासह अनेक देशांचे आर्गो तरंगक पाण्यात बुडी मारून क्षारता जागेवरच मोजतात. त्यांच्याशी उपग्रहाचा आकडा ताडला जातो. जुळला नाही, तर गणित दुरुस्त होते.

समुद्रापासून इतक्या दूर, छत्रपती संभाजीनगरात याचे काय, असे कोणी विचारेल. पैठणवरून जाणारी गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे नद्यांच्या गोड्या पाण्याने वरचा थर हलका राहतो, आणि त्याच उपसागरावरचे कमी दाबाचे पट्टे मराठवाड्यापर्यंत पाऊस आणतात. एवढा समुद्र एकट्या देशाच्या प्रत्यक्षात मावत नाही. परक्याचे मोजमाप आप्तवचन म्हणून स्वीकारावे लागते, पण ते कुणालाही तपासता येते, म्हणूनच.