सुगी सरताना

बांधावर बसा. लिंबाच्या सावलीत, पाय सैल सोडून.

चैत्र लागला आहे. ढोकी गावच्या काळ्या रानातून हरभरा गेला, करडई गेली, ज्वारीही गेली. ताटं मुळासकट उपटली, त्यामुळे धसकटंसुद्धा उरली नाहीत.

रान मोकळं आहे. तुम्हीही थोडे मोकळे व्हा.

एक श्वास घ्या. आत येताना तो किती कोमट आहे, तेवढंच पाहा.

श्वासाबरोबर लिंबाच्या मोहराचा वास येतो. बारीक, गोडसर, मागे जरा कडवट. मुद्दाम हुंगायला गेलं की तो निसटतो. स्वस्थ बसलं की आपणहून येतो.

त्याच्यामागून कडब्याचा वास. पलीकडे पाचुंदे बांधून पडले आहेत, उन्हात तापले आहेत.

येऊ द्या. जाऊ द्या.

आता खाली बघा. पायाशी माती आहे, तिला भेगा पडल्या आहेत. एका भेगेच्या काठानं नजर चालू द्या. ती वळेल तिथे वळा.

बोट आत घाला.

पहिलं पेर तापलेल्या मातीत. दुसरं थोड्या निवलेल्या. आणखी आत पोचलं, तर गारवा लागतो.

तिथेच थांबा.

हा गारवा गेल्या पावसाळ्याचा आहे. काळी माती पाणी पिते, फुगते, ते धरून ठेवते. परतीचा पाऊस निघून जातो आणि मग ज्वारी तीन-चार महिने त्या ओलीवरच वाढते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अंबिल प्यायला माणसं रानात येतात, तेव्हा वरून आभाळ कोरडं असतं आणि ताटं हिरवीगार असतात.

वर काही दिसत नव्हतं. खाली पुरवून पुरवून दिलं जात होतं.

गारवा बोटाला लागू द्या. आणखी एक श्वास.

आता डोळे मिटा. ऐका.

होला घुमतो. थांबतो. पुन्हा घुमतो.

लांबून रुळांचा आवाज येतो. याच बाजूनं १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची गाडी अडीच फुटी रुळांवरून लातूरला पोचली. आता रूळ रुंद आहेत, गाडी जड आहे. आवाज वाढतो, भरतो, ओसरतो.

त्याच्यामागे धावू नका. तो ओसरल्यावर काय ऐकू येतं, ते ऐका.

ऐकून पारखणारे संत गोरा कुंभार इथलेच. शेजारचं तेर हे त्या गोरोबाकाकांचं गाव. थापटणं घेऊन त्यांनी संतांची डोकी वाजवून पाहिली, पक्कं कोण आणि कच्चं कोण ते आवाजावरून ओळखलं, अशी कथा सगळ्यांना ठाऊक आहे. चैत्र वद्यात त्यांची यात्रा भरते, तेव्हा रानं अशीच मोकळी असतात.

तळहात छातीवर ठेवा. हलकेच थापटा.

पक्कं की कच्चं, ते आज ठरवायचं नाही. नामदेवांनाही कच्चं ठरवलं होतं. आज फक्त आवाज ऐका. आत धडधड आहे. ती हळू होते आहे.

हात तिथेच राहू द्या.

आता फडकं सोडा. नव्या ज्वारीची भाकरी आहे, मालदांडीची. बोटांना आधी तिचा पापुद्रा लागतो, मग मऊपणा. नाकाजवळ न्या. किंचित करपल्याचा वास आहे, तव्याचा.

एक तुकडा मोडा. कालवण नको, ठेचा नको. नुसता तोंडात ठेवा.

चावा. घाई करू नका.

आधी चव लागत नाही. पिठाची, मिठाची, कशाचीच नाही. आणखी चावा. घास पातळ होतो आणि कडेनं गोडी सुटते. थोडीशीच, पण सुटते.

तिच्यापाशी राहा.

पाऊस ऑक्टोबरात थांबला. दव थंडीबरोबर गेलं. रान चैत्रात रिकामं झालं. आणि गोडी आत्ता लागते आहे, तुमच्या जिभेवर.

काय सरलं आणि काय पोचलं, याचा हिशेब मांडू नका. घास गिळा. तो घशातून खाली उतरतो, त्याच्याबरोबर तुम्हीही उतरा.

दुसरा घास. तिसरा.

मधेच पोटाकडे लक्ष द्या. भूक एका जागी येऊन शांत होते. जेवण संपण्याआधीच होते. ती जागा सापडली की हात थांबवा.

फडक्यात एक भाकरी उरली आहे. कमी पडली नाही. उरली.

डोळे उघडा. पलीकडच्या बांधावर माणूस एकटाच कडबा रचतो आहे, कपाळावरचा घाम पुसतो आहे.

उठा आणि त्याला मोठ्यानं हाक मारा, “या की भाकरी खायला!”