काढलेला गाळ कुणाचा?

खंडेनवमीला विदर्भात गावोगावी गाड्या धुतल्या जातात. ट्रॅक्टर असो, ऑटो असो की आजोबांच्या वेळची अँबेसेडर, बॉनेटवर हळदकुंकू वाहायचे, आरशाला झेंडूचा हार घालायचा आणि चाकाखाली लिंबू ठेवायचे. दारव्हा-कारंजा रस्त्यावर, अडाण नदीकाठच्या बोरी अरबलाही हा सण काही वेगळा नाही. पण जुन्या गाडीला आतूनही अंघोळ लागते. तिथे धर्माचा एक जुना प्रश्न समोर येतो. घाण काढली की शुद्ध करणाऱ्याची जबाबदारी संपते का?

अँबेसेडरचे 1489 सीसीचे इंजिन ओतीव लोखंडाचे. त्यात वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतले की तापलेल्या पाण्यातले कॅल्शियमचे क्षार आतून चुन्याच्या पोपड्यासारखे चिकटतात. गंज सुटतो आणि गाळ ब्लॉकच्या तळाशी बसतो. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की अशी गाडी साध्या चढावर तापते.

उपाय सोपा, पण सबुरीचा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण काढायचे, खालची तोटी सोडायची, मग ब्लॉकच्या कडेची. ही दुसरी तोटी अनेकदा उघडूनही थेंब येत नाही, कारण तोंडाशीच गाळ घट्ट बसलेला असतो. बारीक तार फिरवली की आधी तपकिरी चिखल येतो आणि मग एकदम धार लागते. थर्मोस्टॅट काढून होज पाइपाने उलट्या दिशेने पाणी मारायचे. रेडिएटरच्या खालच्या तोंडातून आत सोडलेले पाणी वरच्या तोंडातून नितळ येईपर्यंत थांबायचे नाही.

आता ते पाच-सात लिटर पाणी जाते कुठे? बहुतेकदा नालीत. त्यात कुलंट असेल तर इथिलीन ग्लायकॉल असते, आणि ते चवीला गोड लागते. कुत्री, मांजरे, वासरे अशा डबक्याला सहज तोंड लावतात. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. मांजराला एखादा चमचाही जीवघेणा ठरू शकतो. मातीतले सूक्ष्म जीव ग्लायकॉल काही आठवड्यांत पचवतात, हे खरे. जुन्या रेडिएटरच्या डाखातून सुटलेले शिसे मात्र कुणालाच पचत नाही. नदी सगळे वाहून नेते, असे म्हणणाऱ्याने अडाणचे पाणी पुढे पैनगंगेला मिळते हे लक्षात घ्यावे. वाटेत लोक राहतात, गुरे पाणी पितात.

बोरी अरबहून त्याच रस्त्याने पुढे गेले की कारंजा लाड लागते. तिथल्या जैन ग्रंथभांडारांतल्या पोथ्यांमधून डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश साहित्य उजेडात आणले. जैन आचारात काढलेल्या घाणीच्या या प्रश्नाचा जितका बारकाईने विचार झाला आहे तितका क्वचितच कुठे झाला असेल. पाणी गाळून प्यावे, एवढे बहुतेकांना माहीत असते. त्यापुढचा भाग कमी ठाऊक असतो. गाळण्याच्या फडक्यावर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत पोचवायचे. तेही वरून भिरकावून नाही. भांडे पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडून तिथे अलगद ओतायचे. साधूंच्या पाच समितींपैकी पाचवी तर टाकून देण्याविषयीच आहे. मलमूत्रही निर्जीव जागा पाहूनच विसर्जित करायचे. शुद्धीची क्रिया इथे टाकलेली वस्तू योग्य जागी पोचेपर्यंत चालते.

महाराष्ट्राने याच्या नेमकी उलटी शुद्धीही पाहिली आहे. मार्च 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करायला शेण-गोमूत्र मिसळलेल्या पंचगव्याच्या 108 घागरी पाण्यात रिचवल्या. पाण्यात काय पडले याची फिकीर नव्हती, कुणाचा हात लागला एवढेच पाहिले गेले. स्वतःचे अंगण लखलखीत ठेवून मळ दुसऱ्याच्या वाट्याला ढकलायचा, आणि तो उचलणाऱ्यालाच विटाळ मानायचा, ही रीत त्याच विचारातून आली. या शुद्धीत दुसऱ्याचा जीव मोजलाच जात नाही, म्हणून तिला धर्म म्हणता येत नाही. आणि नालीत सोडलेले कुलंट याच हिशेबात बसते.

तेव्हा तोट्या सोडण्याआधी खाली पसरट घमेले ठेवावे. निघालेले कुलंट आणि धुण्याचे पहिले गढूळ पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहावे. पिण्याच्या पाण्याची किंवा सरबताची बाटली त्यासाठी कधीच वापरू नये, लहान मुले फसतात. जमिनीवर सांडलेले माती टाकून टिपून घ्यावे. एकट्या गाडीमालकाला पुढची विल्हेवाट जमणारी नाही. ग्रामपंचायतीने गॅरेजवाल्यांसाठी एक सामाईक पिंप ठेवावे आणि ते भरले की जिल्ह्याच्या ठिकाणी धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडे पोचवावे. खर्च फार नाही, आणि ही मागणी ग्रामसभेत गाडीवाल्यांनीच पहिल्यांदा करायला हवी.