तटाच्या आतला हिवाळा

अ‍ॅड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळा दोन वाऱ्यांच्या ताब्यात असतो. बुरा डोंगरावरून उतरतो. तो कोरडा आणि बोचरा असतो, पण आकाश लख्ख करून जातो. युगो आग्नेयेकडून समुद्रावरून येतो. दमट, जड, लाटा तटावर आपटणारा आणि माणसांची डोकी फिरवणारा. दुब्रोव्हनिकमध्ये आजही सांगतात की, युगो वाहू लागला की जुन्या प्रजासत्ताकाचे सभासद महत्त्वाचा निर्णय पुढे ढकलत. ही दंतकथा असेलही, पण त्या शहराला ती शोभते. आपल्या बुद्धीवर हवेचासुद्धा अंमल चालतो, हे कबूल करणारी राज्यसत्ता विरळाच. जुलैच्या उन्हात तटावरून फिरणाऱ्याला ही कथा गमतीची वाटते. जानेवारीत सलग तीन दिवस युगो अंगावर घेतला की ती पटते.

क्रोएशियातल्या या शहराचे जुने नाव रगुसा. १३५८ पासून १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी ते बरखास्त करेपर्यंत हे चिमुकले व्यापारी प्रजासत्ताक आपला कारभार आपण पाहत होते. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला उस्मानी साम्राज्य. दोघांपुढेही लढून टिकाव लागणार नाही हे रगुसाने ओळखले होते. सुलतानाला दरसाल १२,५०० डुकाटांची खंडणी पोहोचती करायची आणि त्या बदल्यात त्याच्या मुलखात व्यापाराची मुभा मिळवायची, असा रगुसाचा हिशेब होता. हाच सावधपणा घरातही होता. राज्याचा प्रमुख, म्हणजे क्नेझ, फक्त एका महिन्यासाठी निवडला जाई आणि त्या महिन्यात राजकाजाशिवाय त्याला वाड्याबाहेर पाऊल टाकता येत नसे. सभागृहाच्या दारावर लॅटिनमध्ये कोरले होते की, आत येताना स्वतःचे व्यवहार विसरा आणि सर्वांचे पाहा.

ज्याचे पोट परक्यांवर चालते, त्याला परक्यांची भीतीही बाळगावी लागते. प्लेगच्या शतकात हा पेच जिवावर बेतला. दरवाजे मिटले तर व्यापार मरतो आणि उघडे ठेवले तर माणसे मरतात. १३७७ मध्ये रगुसाच्या महासभेने तिसरी वाट काढली. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने आधी त्सावतात गावी किंवा मर्कानच्या बेटावर तीस दिवस काढायचे आणि मगच शहरात यायचे. विलगीकरणाचा हा जगातला अगदी आरंभीचा लेखी कायदा मानला जातो. रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नसताना केलेला हा कायदा मला वैद्यकापेक्षा नीतीच्या इतिहासातला वाटतो. पाहुण्याला हाकलायचे नाही, पण घराच्या अटीही सोडायच्या नाहीत. पुढे पूर्वेकडच्या प्लोचे दरवाजाबाहेर त्यासाठी लाझारेतीच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. त्या आजही आहेत.

आजच्या परक्यांची साथ उन्हाळ्यात येते. क्रूझ जहाजांतून आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतल्या जागा शोधत माणसे येतात, तेव्हा स्ट्राडून या मुख्य रस्त्यावर पुढच्याच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. २०१९ पासून शहराने दिवसाला दोनच क्रूझ जहाजांची मर्यादा घातली. म्हणजे १३७७ चाच प्रश्न पुन्हा आला आणि उत्तरही त्याच जातीचे निघाले. पाहुण्याने किती दिवस राहावे, यावर मराठीत म्हणी आहेत. पाहुणे किती असावेत, यावर एकही आठवत नाही. तेवढे कधी येतच नसत.

जानेवारीत हा रस्ता मोकळा होतो आणि दोन्ही बाजूंची घरे दिसू लागतात. ती एकसारखी का, याचे उत्तर ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात आहे. अर्धेअधिक शहर कोसळले, खुद्द क्नेझ गाडला गेला आणि नंतरच्या बांधणीत कोणी शेजाऱ्यापेक्षा मोठा दिसू नये, असा जणू दंडक पाळला गेला. तटावर चढले की छपरांवर दुसरा इतिहास वाचता येतो. फिक्या, डागाळलेल्या कौलांच्या मध्ये भडक केशरी कौलांचे मोठाले पट्टे आहेत. युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धात, १९९१ च्या हिवाळ्यात, शहराला वेढा पडला होता. ६ डिसेंबरला सर्वांत भीषण तोफमारा झाला. वेढ्याच्या काळात जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना गोळे लागले. नवी कौले त्यानंतरची आहेत. गर्दीत माणूस या छपरांचे छायाचित्र काढतो. थंडीत, रिकाम्या तटावर, तो त्यांचे रंग वेगळे करू लागतो.

या शहराचा सर्वांत मोठा दिवसही हंगामाबाहेरच येतो. ३ फेब्रुवारीला संत व्लाहोचा, म्हणजे संत ब्लेझचा, उत्सव असतो. व्हेनिसचे आरमार कपटाने चालून आले तेव्हा त्याने शहराला सावध केले, अशी आख्यायिका असून उत्सवाची परंपरा ९७२ पासूनची सांगतात. गावोगावचे लोक आपापली निशाणे घेऊन येतात, संताचे अवशेष मिरवले जातात, फुलीसारख्या धरलेल्या दोन मेणबत्त्यांनी भाविकांच्या गळ्याला आशीर्वाद दिला जातो. जुन्या काळी या दिवसांत हद्दपार झालेल्यांना आणि गुन्हेगारांनाही अटकेच्या भीतीवाचून शहरात येता येई. एरवी परक्याला महिनाभर थांबवणारे शहर वर्षातून एकदा आपल्याच बहिष्कृतांना दार उघडत होते. जुन्या गोव्याजवळ गवंडाळी इथे याच संताचे चर्च आहे आणि त्याचा संबंध सोळाव्या शतकातल्या रगुसाच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. परदेशी गेलेला रगुसाकरही सोबत संत घेऊन गेला असेल, तर तो फेब्रुवारीतला, आपल्या माणसांचा संत होता.

तरीही हिवाळ्यातल्या शांततेवर भाळून जाण्यात धोका आहे. १९९१ च्या सुमारास तटाच्या आत पाच हजारांच्या आसपास लोक राहत. आता ती संख्या दीड हजारांच्याही वर नाही. उन्हाळ्यात भाड्याने जाणारी घरे जानेवारीत अंधारात असतात. तिथे रात्री जी शांतता आपल्याला चिंतनाला पोषक वाटते, ती पुष्कळदा शेजारी उरला नसल्याची असते. गर्दी टळल्याचा आनंद मानणारा प्रवासी त्याच गर्दीने रिकाम्या केलेल्या गल्लीत उभा असतो, आणि आपण वेगळे आहोत, ही त्याची समजूत फार काळ टिकत नाही.

म्हणून ऐतिहासिक शहराची प्रकृती उन्हाळ्यातल्या तिकीटविक्रीवरून ठरवू नये. हंगाम संपल्यावर तिथे शाळा भरते का, बाजारात भाजी घ्यायला कोणी येते का, आणि उत्सवात निशाण धरायला तिथलीच माणसे पुरतात का, हे पाहावे. दुब्रोव्हनिकमध्ये निशाणे अजून उचलली जातात. घरे मात्र झपाट्याने रिकामी होत आहेत. पाहुण्यांची संख्या ठरवणे म्हणजे आतिथ्य नाकारणे, असे आपल्याकडे गोव्यातही म्हटले जाते. रगुसाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. यजमानच उरला नाही, तर आतिथ्य करणार कोण?